हातात बसलेली बाई: अँटिक ड्रॉइंगच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

काल लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यावरचा फोटो पुसताना लक्षात आलं की आमच्या लक्ष्मीचे दंड चांगले भरलेले आहेत. आजीच्या काळातला छापील फोटो आहे, काचेला आतून ओल लागलेली, रविवर्मा छापाचा. इतकी वर्षं हात जोडले पण दंड कधी बघितले नव्हते. मग रात्री लॅपटॉप उघडून क्लायंटची फाइल पुढे घेतली आणि त्या फाइलमधली बाई बघितली, तिचे दंड म्हणजे नऊ नंबरची सुई.

गेली अकरा वर्षं मी कपड्यांच्या कॅटलॉगसाठी क्रोकी काढते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रोकी म्हणजे ती लांबलचक बाई जिच्या अंगावर डिझायनर लोक कपडे काढून दाखवतात. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, ही बाई नऊ डोकी असते, आणि वाढीव उंची सगळी मांडीखाली घालायची. डोळे मिटून काढते मी तिला, दोन मिनिटात.

तर प्रोजेक्ट असा: जानेवारीअखेर ४० ड्रॉइंग, सगळी शिल्पांवरून, चारकोल आणि हाफ इम्पिरियल कागद, म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या तावाचा अर्धा. जिथे शक्य तिथे प्रत्यक्ष बसून, नाही तिथे फोटोवरून. बायकांचीच शिल्पं. हेतू एवढाच की हात मोकळा व्हावा. नोंदी ठेवायच्या म्हणजे मध्येच सोडून देणार नाही असं वाटतंय, बघू.

५ नोव्हेंबर

सुरुवात घरातल्या कास्टपासून, म्हणजे शिल्पाच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृतीपासून. प्लास्टरचं व्हीनसचं डोकं आहे माझ्याकडे, कॉलेज संपताना घेतलेलं, तेव्हापासून माळ्यावर होतं. खाली काढलं तर नाकाचा टवका उडालेला आणि कानामागे कोळ्याचं जाळं.

कॉलेजात आम्ही अँटिकला, म्हणजे जुन्या शिल्पांच्या कास्ट बघून काढायच्या विषयाला, ज्या कास्टवरून शिकलो त्यांची एक मजा होती, दरवर्षी परीक्षेच्या आधी त्यांना पांढरा ऑइल पेंट मारायचे. वर्षानुवर्षं थरावर थर. त्यामुळे ओठांची कड भरून गेलेली, पापण्या सपाट, आणि आम्ही पोरं समजायचो की ग्रीक सौंदर्य असंच गुळगुळीत असतं! आणि गंमत म्हणजे मुळात ती शिल्पं पांढरी नव्हतीच, ग्रीक लोक संगमरवर रंगवायचे, केस, डोळे, कपड्यांचे काठ सगळं. रंग उडाला आणि उरलेल्या पांढऱ्या दगडाला लोकांनी शुद्ध रूप म्हणून डोक्यावर घेतलं.

सेटअप: कास्ट स्टुलावर, एकच दिवा डावीकडून वरून, खिडकीला बेडशीट. कास्टच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसायचं नाहीतर हनुवटी आणि कपाळ वेगवेगळ्या अँगलने दिसतं. ओळंबा म्हणून दोऱ्याला एक नट बांधलाय. गवंडी वापरतो तसाच, तो डोळ्यासमोर धरला की कळतं नाकाच्या टोकाखाली नेमकं काय येतंय.

तीन तास. पहिला तास नुसता बाह्यरेषेत गेला. चेहरा बघता बघता एक गोष्ट दिसली, ही बाई आजच्या हिशोबाने सुंदर नाही. कपाळ आणि नाक एका सरळ रेषेत, मध्ये खाच जवळपास नाहीच, हनुवटी जाड आणि गोल, जबडा भक्कम. मी काढलेल्या डोक्याला मात्र छान निमुळती हनुवटी आलीय. कुठून आली? समोर तर नव्हती.

९ नोव्हेंबर

आज अख्खी व्हीनस डी मायलो, फोटोवरून. १८२० मध्ये मेलोस बेटावर सापडलेली, आता पॅरिसला लुव्रमध्ये, उंची २ मीटर ४ सेंमी. दोन मोठे दगड कमरेखाली जोडलेत आणि जोड वस्त्राच्या चुण्यांत लपवलाय, हे माहीत असलं की फोटोतही तिकडेच नजर जाते. सगळं वजन उजव्या पायावर, डावा गुडघा पुढे, त्यामुळे कंबर एका बाजूला चढते आणि खांदा उलटा उतरतो. ह्या एका युक्तीवर ग्रीकांनी शेकडो वर्षं काढली.

तपासण्यासाठी पद्धत ठरवली. ड्रॉइंग पूर्ण झालं की तोच फोटो ड्रॉइंगच्या मापाचा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून ड्रॉइंगची रेषा उतरवायची. झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, ताई बिनकपड्याची प्रिंट काढायची का, मी म्हटलं काढ बाबा, दोन हजार वर्षं जुनी आहे ती.

निकाल, आकृती ४८ सेंमी उंच असताना:
कंबर: फोटोत ७७ मिमी, माझी ६९.
मान: माझी ५ मिमी जास्त लांब.
डोकं: माझं लहान, साधारण ४ मिमी.

बघून काढलंय हां, मनाने नाही. पेन्सिल ताठ धरून, एक डोळा मिटून, मापं घेऊन. तरी हाताने आठ मिलिमीटर कंबर खाल्ली आणि मला पत्ता नाही. म्हणजे माझ्या हातात एक ठरलेली बाई बसलीय आणि समोर कोणीही असो, हात तिलाच काढतोय. चिडचिड झाली. आणि खरं सांगायचं तर जरा मजाही वाटली, कारण आता प्रोजेक्टला काहीतरी काम मिळालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

कार्ले. रविवारी जाणं हा मूर्खपणा होता. लोणावळा लोकलने मळवलीला उतरले, तिथून रिक्षा, हायवे ओलांडून वेहेरगाव, मग पायऱ्या. एकवीरेला तुडुंब गर्दी, बँड, ओट्या, नारळ, पेढे, लहान पोरं खांद्यावर. देवीचं देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे त्यामुळे दर्शनाची रांग आणि माझं ड्रॉइंग एकाच अंगणात. स्टँड आणलाच नव्हता, बोर्ड मांडीवर.

दुसरी चूक म्हणजे सकाळी गेले. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी व्हरांड्यात नुसता सावळा अंधार. बेसॉल्ट दगड मुळातच काळपट, उजेड गिळून टाकतो. प्लास्टरवर जे हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावलीमधल्या छटा, आपोआप मिळतात ते इथे शोधावे लागतात. पांढऱ्या कागदावर चारकोल घासून घासून सगळं चिखल झालं.

एकच अर्धवट ड्रॉइंग, दारापाशी असलेल्या जोडीचं. एका बाईने मागून वाकून बघितलं आणि विचारलं, कोणती देवी आहे हो ही? म्हटलं देवी नाही, नवरा-बायको असावेत. तिने शिल्पाला नमस्कार केला आणि गेली.

१८ नोव्हेंबर

ओव्हरले केला, म्हणजे तेच, मोठ्या केलेल्या फोटोवर ट्रेसिंग टाकून ड्रॉइंग ताडून बघणं. फोनच्या फोटोचं लक्षात ठेवायला हवं, जवळून वाइडने काढला तर कडेचं सगळं ताणलं जातं, लांबून दुप्पट झूमने काढायचा आणि फोन डोळ्याच्याच उंचीवर.

इथे कंबर बरोबर आली! खूश झाले पण पाचच मिनिटं, कारण कार्ल्याच्या बायकांची कंबर मुळातच बारीक आहे, हाताला तिथे चोरायला काही नव्हतं. त्याने मग दुसरीकडे हात मारलाय. मांड्या ११ मिमी कमी. घोट्यावर जे जाडजूड वाळे आहेत ते अर्धे. मान परत लांब. आणि पाय. शिल्पातली बाई टाचा रोवून उभी आहे, माझ्या कागदावर तिने एक पाय दुसऱ्यासमोर नाजूक टाकलाय, रॅम्पवर चालल्यासारखा. ह्याला काय म्हणावं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

परत कार्ले, ह्या वेळी शहाणपणाने. दुपारी दीडला पोचले, गर्दी नाही, ऊन तिरपं होत होत व्हरांड्यात येतं. करड्या रंगाचा कागद, काळा चारकोल आणि पांढरा खडू. बेसॉल्टला हेच बरोबर, कागदाचा करडा म्हणजे दगड, बाकी फक्त उजेड आणि खोल जागा द्यायच्या. हे आधी सुचायला हवं होतं.

आज चार तास एकाच जोडीसमोर. सविस्तर लिहून ठेवते कारण ड्रॉइंगमध्ये सगळं येत नाही.

बाईचा खांदा जवळजवळ पुरुषाइतका रुंद. उंचीही जवळपास बरोबरीची, डोक्यावरचं शिरोभूषण धरलं तर कुठे कमी नाही. चेहरा गोल, गाल भरलेले, ओठ जाड, आणि हसतेय, लाजून नाही, छान जेवण झाल्यावर माणूस हसतो तशी. कानात एवढाली कुंडलं की कानाची पाळी ओढली गेलीय. कमरेला अनेक पदरी मेखला आणि ती मेखला मांसात रुतलीय, वरचा मांसल भाग किंचित बाहेर आलाय. हे ज्याने कोरलं त्याने हे बघून कोरलंय, परकराची नाडी घट्ट बांधली की जे होतं तेच. वस्त्र इतकं पातळ की नुसत्या एका रेषेने मांडीवर संपल्याचं कळतं.

ही भिंत साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. व्हरांड्यातल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केलं असं कोरलंय, जाहिरात करायला कोणी लाजत नव्हतं. आणि दुसऱ्या एका लेखात भदसम नावाच्या भिक्षूने मिथुन, म्हणजे स्त्री-पुरुषाची जोडी, दान दिल्याची नोंद आहे. भिक्षूने! वरचं अंग उघडं असलेली, नटलेली, गुबगुबीत जोडी संन्याशाने पदरचं पुण्य खर्चून प्रार्थनेच्या दाराशी उभी केली. कारण अशी जोडी शुभ, भरभराटीची खूण. त्या काळी भरलेलं अंग म्हणजे घरात धान्य आहे.

मग त्याच भिंतीवर, जोड्यांच्या मधल्या जागेत, चार-पाचशे वर्षांनी कोरलेले बुद्ध आहेत. शांत, बारीक, अंगावर दागिना नाही, चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, अंगाला चिकटून गेलेलं. एकाच भिंतीवर, हाताच्या अंतरावर. ते कोरणाऱ्याने शेजारच्या मेखलेकडे बघून काय विचार केला असेल कोण जाणे. निदान छिन्नी तरी लावली नाही तिला.

पाचला खाली उतरले, मळवली स्टेशनला लोकलची वाट बघत भजी खाल्ली.

१ डिसेंबर

तालमानाच्या नादात दोन दिवस फुकट गेले, लिहिते म्हणजे परत होणार नाही.

आपल्याकडच्या शिल्पशास्त्रात माप 'ताल'मध्ये. एक ताल म्हणजे १२ अंगुळं. नवताल म्हणजे १०८ अंगुळं. मी वाचलं नवताल आणि आनंदाने उडी मारली, अरे म्हणजे आपली प्राचीन देवी पण नऊ डोकी, क्रोकीसारखीच! मग नऊ डोक्यांच्या हिशोबाने आकृती आखली आणि ती काही केल्या कार्ल्याच्या बाईसारखी दिसेना, नुसता बांबू.

चूक अशी की ताल म्हणजे डोकं नाही, मुख. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, टाळू त्यात धरत नाहीत. वाटणी अशी: मुख १२ अंगुळं, मान ४, मग छाती १२, छातीपासून नाभी १२, नाभीच्या खाली १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज १०८, केस त्याच्या वर वेगळे. म्हणजे डोक्याच्या हिशोबात मोजलं तर नऊ येतच नाही, बरंच कमी राहतं. मी टाळूसकट डोकं धरून नऊने गुणलं आणि देवीला ताणून काढलं. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेलं पोरगं पण एवढी घाई करत नाही.

पण वाचता वाचता एक मस्त गोष्ट मिळाली. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात बाईचं माप पुरुषावरून सांगितलंय, ती पुरुषाच्या खांद्यापर्यंत यावी, कंबर त्याच्यापेक्षा दोन अंगुळं कमी, कटी, म्हणजे कमरेखालचा नितंबांचा भाग, चार अंगुळं जास्त. नियमच. आणि कार्ल्याची बाई ह्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची, तिला हा नियम कोणी सांगितलेला नाही, ती नवऱ्याच्या बरोबरीने उभी आहे. पुढच्या काळात जोड्यांमधल्या बायका हळूहळू लहान होत जातात की काय हे बघायला हवं, पण त्यासाठी वेरूळला जावं लागेल आणि पैसे डिसेंबरच्या पेमेंटवर अवलंबून.

८ डिसेंबर

काही नाही. तीन फुकट कागद. कामाची डेडलाइन.

१५ डिसेंबर

आज मळवलीच्याच बाबतीत डोक्यात प्रकाश पडला आणि आधी का नाही पडला म्हणून स्वतःला दोन शिव्या दिल्या. रविवर्मांनी शिळाप्रेस आधी मुंबईत काढला, १८९४ ला, आणि मग तो लोणावळ्याजवळ हलवला, मळवलीला. म्हणजे मी ज्या स्टेशनवर भजी खाल्ली तिथेच. आमच्या देव्हाऱ्यातल्या फोटोचं माहेर कार्ल्याच्या पायथ्याशी! पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो प्रेस विकत घेतला आणि इथून छापलेल्या देव्या घराघरात गेल्या, कॅलेंडरवर, काड्यापेटीवर, सगळीकडे.

लक्ष्मीचं ड्रॉइंग केलं आज, शिल्प नाही म्हणून यादीत मोजत नाही. हे शरीर कार्ल्याचं नाहीच आणि संपूर्ण युरोपचंही नाही. वजन एका पायावर टाकण्याची ढब, चेहऱ्यावरचा उजेड, दंडाची गोलाई हे सगळं ऑइल पेंटिंगच्या शाळेतून आलेलं. पण कपडे? काठापदराची साडी, ब्लाउज, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. टेकडीवर दोन हजार वर्षं जी उघडी उभी होती तिच्या पायथ्याशी बसून हिला साडी नेसवली गेली. आणि आज कोणालाही विचारा देवी कशी दिसते, सगळे हिचंच वर्णन करतील, वरच्या बाईचं कोणी नाही.

मात्र दंड दोघींचेही भरलेले. हे मी पट्टीने मोजलंय. बारीक दंडाची फॅशन त्या वेळेपर्यंत पण आलेली नव्हती, ती त्यानंतरची.

२२ डिसेंबर

म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी. फोटोवरून, दोन ड्रॉइंग. गणपतराव म्हात्रे विशीच्या आसपासचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते तेव्हा केलेलं, १८९६ ला बॉम्बे आर्ट सोसायटीत पदक मिळालेलं प्लास्टरचं शिल्प. नऊवारी नेसलेली तरुण बाई देवळाला निघालीय, हातात पूजेचं सामान.

हे काढताना हसू येत होतं कारण आत सरळ सरळ ग्रीक आहे. जेजेत पोरांना ग्रीक कास्ट समोर ठेवून शिकवायचे, त्या पोराने ते इतकं पचवलं की निऱ्या पण ओल्या वस्त्रासारख्या मांडीला चिकटवल्या, गुडघा खालून दिसतो. कंबर चढली, खांदा उतरला, तीच युक्ती. पण चेहरा मराठी, अंबाडा, खाली झुकलेली नजर. ग्रीक देवी कधी अशी खाली बघत नाही, ती शून्यात कुठेतरी बघते. कार्ल्याची समोर बघून हसते. ही जमिनीकडे बघते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईला अशी बाई हवी होती, कुलीन, लाजरी, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, युरोपातल्या जाणकारांनी पण कौतुक केलं.

ओव्हरले: नजर. मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही पण मी तिची मान अजून थोडी वाकवलीय. अजून!

५ जानेवारी २०२५

दीदारगंजची यक्षी. पाटण्याजवळ गंगेकाठी १९१७ मध्ये सापडलेली, आता बिहार म्युझियममध्ये. चुनारचा वालुकाश्म, आणि त्यावर अशी चकाकी की काचेसारखे हायलाइट येतात. उजव्या हातात चवरी, डावा हात गेलेला, नाक तुटलेलं. काळावर वाद आहेत, कोणी मौर्य म्हणतं, कोणी त्यानंतरची.

फोटोवरून केलं, आई शेजारी मटार सोलत बसली होती. पोटावरच्या घड्या काढत होते, नाभीच्या खाली दोन स्पष्ट वळ्या आहेत, आणि आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्या नाशिकच्या आत्यासारखी दिसते." बघितलं तर खरंच. आत्या तरुणपणी अशीच होती, भरलेली, जरा पुढे झुकून उभी राहणारी, हातात चवरीच्या जागी झाडू. आईने पुढे सांगितलं की आत्याला बघायला आलेल्या लोकांनी एकदा नकार दिला होता, मुलगी अंगाने जास्त आहे म्हणून. एकोणीसशे बहात्तर सालची गोष्ट. दुष्काळाच्या वर्षी, म्हणजे बघा. पाटण्याच्या नदीकाठी हीच वळी कोरायला कोणीतरी महिनोन्महिने दगड घासत बसलं होतं.

मी म्हटलं आई, उद्या दहा मिनिटं उभी राहशील का, वजन एका पायावर टाकून? म्हणाली, गुडघा दुखतो, मग ग्रीक कसली होणार मी. बसून काढ.

बसून काढलं. यादीत २९ नंबर, शिल्प नाही तरी मोजतेय.

११ जानेवारी

कामाची मीटिंग. कॅटलॉगचे क्रोकी पाठवले होते, क्लायंटचा मेसेज आला की ह्या वेळी फिगर "हेवी" वाटतायत. शब्दशः हेवी. तपासलं, दंड आधीपेक्षा ३ मिमी जाड. प्रोजेक्टचा परिणाम धंद्यावर व्हायला लागला. बारीक करून परत पाठवले, पैसे महत्त्वाचे.

चिडून रात्री नॉर्माबद्दल वाचत बसले. १९४० च्या दशकात अमेरिकेत एक डॉक्टर डिकिन्सन आणि एक शिल्पकार बेल्स्की ह्यांनी हजारो तरुण बायकांच्या मापांची सरासरी काढून एक पुतळा केला, नॉर्मा नावाचा. फक्त गोऱ्या बायकांची मापं हां. मग १९४५ मध्ये क्लीव्हलंडला स्पर्धा ठेवली, नॉर्माशी तंतोतंत जुळणारी बाई शोधायची. ३,८०० हून जास्त बायकांनी मापं पाठवली. सगळी मापं जुळणारी एकही निघाली नाही. सरासरीचा पुतळा आणि सरासरीला कोणीच नाही!

ग्रीकांचा चित्रकार झ्यूक्सिस निदान प्रामाणिक होता. त्याची गोष्ट अशी सांगतात की हेलनचं चित्र काढायला त्याने गावातल्या पाच मुली निवडल्या आणि प्रत्येकीचं जे चांगलं ते घेतलं, कारण एकीत सगळं मिळत नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं. जोडकाम आहे हे कबूल करून टाकलं.

माझी क्रोकी कोणाकोणाची जोडून झालीय कोण जाणे. मांडी कुणाचीच नसावी.

२२ जानेवारी, बुधवार

तिसऱ्यांदा कार्ले. ३६ झालीत, आजची दोन धरून ३८. चाळीस होणार नाहीत असं दिसतंय आणि त्याचं वाईट वाटत नाही.

दुपारी दोन ते साडेपाच. तीच जोडी. ह्या वेळी उलट क्रमाने काढलं, आधी पाय. टाचा, वाळे, पोटऱ्या, गुडघा, आणि मग वर चढत गेले, डोकं सगळ्यात शेवटी. नेहमी आपण डोक्यापासून सुरू करतो आणि तिथेच ती हातातली बाई आत शिरते, डोकं लहान धरलं की बाकी सगळं त्याच प्रमाणात लांबत जातं. खालून चढलं की तिला शिरायला दारच मिळत नाही, निदान गुडघ्यापर्यंत तरी.

चार वाजता सूर्याचा एक पट्टा बरोबर मेखलेवर आला. मण्यांच्या पदरांची सावली पोटावर, आणि मेखलेच्या वर तो किंचित फुगलेला भाग एकदम उजळला. वीसएक मिनिटं राहिला. पांढरा खडू हातात होता म्हणून पकडता आला, नाहीतर गेला असता. शाळेची सहल आली तेवढ्यात, दोन पोरी मागे उभ्या राहून कुजबुजत होत्या, एक म्हणाली, "ह्यांनी काहीच घातलेलं नाहीये गं," दुसरी म्हणाली, "आणि तरी किती दागिने." मास्तरीणबाईंनी त्यांना पुढे हाकललं.

२३ जानेवारी

ओव्हरले.
मान: बरोबर. पहिल्यांदाच.
डोकं: १ मिमी लहान, चालेल.
वाळे: बरोबर.
पाय: दोन्ही टाचा जमिनीवर.
मांडी: माझी ४ मिमी जास्त.

जास्त! तीनदा मोजलं. शिल्पापेक्षा जाड काढलीय मी. आईला दाखवलं तर म्हणाली, आत्याच आहे ही. झेरॉक्सवाल्याकडे उद्या परत जायचंय, आज त्याने प्रिंट थोडी तिरकी कापून दिलीय, कदाचित त्यातलेच चार मिलिमीटर असतील.